खेळकर होमस्क्रीन कशी घडवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आणि नवी मुंबईत ॲप करायला निघालेली कॉलेजची मुलं, नोकरी सांभाळून रात्री कोड लिहिणारे, हाताने सुंदर चित्रं काढणारे पण फोनसाठी कधी न काढलेले असे बरेच जण हे प्रश्न विचारतात. उत्तरं मुख्यतः अँड्रॉइडला धरून आहेत, आयफोनचं वेगळं सांगितलं आहे. उदाहरण म्हणून सगळीकडे एकच कल्पना वापरली आहे: होमस्क्रीनवर ठाण्याची खाडी आणि तिच्यात चरणारे फ्लेमिंगो.

होमस्क्रीनवरचा खेळ आणि गेम यांत फरक काय?

गेम उघडणारा माणूस खेळायलाच आलेला असतो. होमस्क्रीनवर आलेला माणूस बहुतेक वेळा दुसरीकडे निघालेला असतो. रिक्षावाल्याला यूपीआयने पैसे द्यायचेत, लोकल किती उशिरा आहे बघायचंय, आईचा मिस्ड कॉल दिसलाय. दिवसभरात तो कितीदा तरी या पडद्यावरून जातो आणि प्रत्येक वेळी क्षणभरच टेकतो. म्हणून इथली गंमत उंबरठ्यावरच्या रांगोळीसारखी हवी. जाता येता दिसावी, बरं वाटावं, पण तिच्यापायी कोणी दारात अडून राहू नये.

त्यामुळे इथे गुण नकोत, लेव्हल नकोत, आणि ‘दोन दिवस आला नाहीत, पक्षी उपाशी आहेत’ असली भावनिक ओढाताण तर अजिबात नको. बोट लावलं तर काहीतरी घडावं, नाही लावलं तरी काही बिघडू नये. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीतून निघाली आहेत.

लाँचर, लाइव्ह वॉलपेपर की विजेट? सुरुवात कुठून करू?

लाइव्ह वॉलपेपरपासून करा. अँड्रॉइडमध्ये ही सोय २.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून आहे आणि तिचा व्याप आटोपशीर आहे. तुम्ही फक्त मागचं दृश्य रंगवता. आयकॉन, फोल्डर, शोध, सूचनांचे ठिपके हे सगळं आधीचा लाँचर, म्हणजे होमस्क्रीन चालवणारं ॲप, सांभाळतो. तुमचा वॉलपेपर फसला तरी माणसाचा फोन चालू राहतो.

लाँचर म्हणजे अख्खं घर ताब्यात घेणं. आयकॉनची मांडणी, सगळ्या ॲप्सची यादी उघडणारा ड्रॉवर, विजेट ठेवायची जागा, ऑफिसच्या प्रोफाइलमधली वेगळी ॲप्स, आडवा पडदा, घडीचे फोन हे सगळं तुमच्या अंगावर येतं. शिवाय जेश्चर नेव्हिगेशन (बटणांऐवजी कडेवरून बोट ओढून घरी किंवा मागे जाणं) असलेल्या फोनवर ‘अलीकडची ॲप्स’ दाखवणारा पडदा फोनसोबत आलेल्या मूळ लाँचरच्याच हातात राहतो. त्यामुळे ॲपमधून घरी परततानाचं ॲनिमेशन बाहेरच्या लाँचरला मूळ लाँचरइतकं सफाईदार करता येत नाही. हे डिझाइन सुरू करण्याआधीच माहीत असू द्या, म्हणजे नसलेल्या बगच्या मागे आठवडे जाणार नाहीत.

विजेट ही मधली वाट. चौकटीपुरती जागा, टॅप घेता येतो, पण बोटामागे धावणारं सलग ॲनिमेशन तिथे जमत नाही. खाडीतलं पाणी आज किती वाजता चढणार, एवढं दाखवायचं असेल तर विजेट उत्तम.

आयफोनवर जमेल का?

लाँचर नाही जमणार. आयफोनवर होमस्क्रीन ॲपलचीच असते. विजेट मात्र २०२० च्या आयओएस १४ पासून होमस्क्रीनवर ठेवता येतात आणि २०२३ च्या आयओएस १७ पासून त्यांत बटण दाबता येतं. आयकॉन पडद्यावर हव्या त्या ठिकाणी सोडण्याची मुभा आयओएस १८ मध्ये, २०२४ साली आली. वारंवार पाहिल्या जाणाऱ्या विजेटला दिवसाला साधारण ४० ते ७० वेळा ताजं होता येतं, असं ॲपलची कागदपत्रं सांगतात. या मर्यादेतही एक हळुवार गंमत बसते. सकाळी चिखल उघडा, दुपारी पाणी वर, संध्याकाळी पक्षी परतलेले. सगळं दिवसभराच्या चालीने.

कल्पना कुठून आणायची?

आपल्या खिडकीतून. फोनवरच्या गमतीदार गोष्टींत तेच अंतराळवीर, तेच निऑन मासे आणि तेच बर्फाळ डोंगर फिरत असतात. ऐरोलीच्या पुलावरून रोज जाणाऱ्याला बर्फाळ डोंगराचं काय अगत्य? त्याच पुलाखालच्या खाडीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हजारोंनी फ्लेमिंगो उतरतात. २०१५ साली त्या पट्ट्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलं. नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर तर लोक सकाळी चालायला जाता जाता ते बघतात.

आता पक्षी नीट पाहा, कारण डिझाइन त्यांच्या वागण्यातच आहे. फ्लेमिंगो डोकं उलटं करून चोचीने पाणी गाळतो. पायाने चिखल ढवळतो. ओहोटीला चिखल उघडा पडला की थवा पसरून चरतो, भरतीला उथळ जागा शोधत सरकतो. पिल्लं राखाडी असतात, गुलाबी रंग पुढे खाण्यातून, शेवाळातल्या रंगद्रव्यांतून चढतो. यातली प्रत्येक गोष्ट पडद्यावर उतरते. बोट टेकलं तर तिथलं पाणी गढूळ होईल आणि जवळचे दोन-तीन पक्षी मान वर करून बघतील. पान डावीकडे सरकवलं तर थवा चार पावलं त्या बाजूला जाईल. बराच वेळ कोणी हात लावला नाही तर एखादा एका पायावर उभा राहून झोपेल. टॅप केल्यावर सगळा थवा फडफडत उडवण्याचा मोह होतो, तो आवरा. पहिल्यांदा छान वाटतं, पाचव्यांदा त्रास होतो, आणि पक्षी बघायला जाणाऱ्याला तर ते खटकतंच. थवा उडवणं हा तिथे अपराध मानतात.

खाडी हे माझं उदाहरण. तुम्ही तलावपाळीची संध्याकाळ घ्या, येऊरचा पावसाळा घ्या, पामबीचवरचे दिवे घ्या. ज्याच्या हालचाली तुम्ही स्वतः तासन् तास पाहिल्या आहेत, तेच घ्या.

ॲपला भरती-ओहोटी कळते कशी? सतत इंटरनेट लागतं का?

लागत नाही. भरती अनेक नियमित लहरींच्या बेरजेने बनते. त्यांतली सर्वांत मोठी चंद्राची, सुमारे १२ तास २५ मिनिटांची. तिच्या जोडीला सूर्याची बरोबर १२ तासांची, आणि दिवसातून एकदा येणाऱ्या दोन-तीन लहान लहरी. या मोजक्या लहरींची उंची आणि कला (लहर आपल्या फेऱ्यात कुठे आहे ते) ॲपमध्ये साठवली की चार ओळींच्या गणिताने आत्ताचं पाणी साधारण कुठे आहे ते फोन स्वतःच काढतो. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे तीच वेळ असूनही काल दिसलेलं दृश्य आज तसंच नसतं. रँडम आकड्यांनी आणलेल्या वैविध्यापेक्षा हे फार वरचं आहे, कारण पडद्यावरचं पाणी आणि खिडकीबाहेरचं पाणी एकत्र चढतं. हे अंदाजाचं चित्र आहे, होडी घालण्यासाठीचं कोष्टक नव्हे, एवढी ओळ सेटिंगमध्ये जरूर लिहा.

गंमत कुठे संपते आणि अडथळा कुठे सुरू होतो?

एक कसोटी पुरते. संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिकिटाचं ॲप उघडायचंय. तुमचा पक्षी त्या टॅपच्या आड येतो का? येत असेल तर तो कितीही गोड असला तरी काढा.

या कसोटीतून ठोस नियम निघतात. आयकॉनवर पडलेलं बोट आयकॉनचंच. ॲप त्याच क्षणी उघडलं पाहिजे, त्याआधी कुठलंही स्वागत-ॲनिमेशन नको. खेळ रिकाम्या जागेवर. लाइव्ह वॉलपेपरमध्ये इथे एक खाच आहे. टच इव्हेंट चालू केले तर आयकॉनवरचे स्पर्शही वॉलपेपरपर्यंत पोचतात आणि माणूस व्हॉट्सॲप उघडतो तेव्हा मागे पाणी उगाच खळबळतं. त्याऐवजी रिकाम्या जागेवर टॅप झाल्याची वेगळी आज्ञा लाँचर वॉलपेपरला पाठवतो, तिच्यावर विसंबा.

पडद्याच्या कडा सिस्टिमच्या आहेत. खालून वर ओढलं की घर, बाजूने आत ओढलं की मागे. बाजूची कड थोडी आपल्यासाठी मागून घेता येते, पण प्रत्येक बाजूला २०० डीपीच्या (डीपी म्हणजे सगळ्या पडद्यांवर साधारण सारखं दिसणारं अँड्रॉइडचं माप) वर नाही. मुळात मागूच नका, लोकांच्या अंगठ्यांना ती सवय पक्की झालेली असते.

आयकॉनची जागा कधीही बदलू नका. भरती आली म्हणून आयकॉन तरंगत दुसरीकडे गेले, ही कल्पना प्रत्येक गटातून एकदा तरी येते. माणूस आयकॉन वाचत नाही, त्याचा अंगठा जागा लक्षात ठेवतो. पाणी आयकॉनच्या मागून जाऊ द्या, फार तर आयकॉनच्या तळाशी हलकी तरंगरेषा उमटू द्या.

आणि चालू असलेलं कुठलंही ॲनिमेशन मध्येच तोडता आलं पाहिजे. यासाठी ठरावीक वेळेच्या ॲनिमेशनपेक्षा स्प्रिंगवर चालणारं बरं. बोट मध्येच आलं तर हालचाल आहे तिथून, आहे त्या वेगाने नवी दिशा घेते.

किती स्मूद हवं?

६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्झवर ८. तुमच्या उत्तम फोनवर नाही, घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर मोजा. चरणाऱ्या पक्ष्याला सेकंदाला ३० फ्रेम पुरतात, बोटामागे येणाऱ्या पाण्याला पूर्ण वेग लागतो. सगळ्याला सारखंच इंजिन लावू नका.

बॅटरी खाईल का?

खाईल, जर तुम्ही दिसत नसतानाही रंगवत बसलात तर. पडदा बंद झाला किंवा वर दुसरं ॲप आलं की अँड्रॉइड वॉलपेपरला तसं कळवतं. त्या क्षणी रेंडरिंग, टायमर, सेन्सर सगळं थांबवा. पुन्हा दिसलात की मधल्या वेळेत काय झालं असतं ते भरतीच्या गणिताने एकदम काढा, चालवून दाखवायची गरज नाही.

दिसत असतानाही काहीच हलत नसेल तर नवी फ्रेम काढू नका. ओएलईडी पडद्यावर काळा पिक्सेल जवळजवळ वीज खात नाही, म्हणून रात्रीची खाडी खरोखर काळी ठेवा, निळसर राखाडी नको. आणि मेमरी जपा. कमी रॅमच्या फोनवर जड गेम उघडला की लाँचरलाही मेमरीतून काढलं जाऊ शकतं. मग घरी परतल्यावर क्षणभर रिकामा पडदा दिसतो आणि दोष तुमच्या नावावर जातो. मोठमोठ्या चित्रांचे थर रचण्यापेक्षा पक्ष्याचे अवयव वेगळे ठेवून हलवा. मान, धड, दोन पाय. चित्रं लहान राहतात आणि चाल जास्त जिवंत दिसते.

फोन तिरका केला की पाणी हलावं, हे करू का?

करा, पण जपून. ॲक्सिलरोमीटर (फोनचा कल आणि हिसके ओळखणारा सेन्सर) बहुतेक फोनमध्ये असतो, जायरोस्कोप (फोनचं वळणं मोजणारा) बऱ्याच स्वस्त फोनमध्ये नसतो, त्यामुळे फक्त जायरोवर खेळ उभारू नका. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभं राहून वापरून पाहा. डबा हलतो, हात हलतो, आणि पडद्यावर वादळ उठतं. बारीक थरथर गाळून फक्त सावकाश झुकणं घ्या. काही लोकांना पडद्यावरच्या तरंगत्या थरांनी मळमळतं, म्हणून ही सोय सुरुवातीला बंद ठेवणं मला योग्य वाटतं.

आयकॉनही आपल्या चित्रशैलीत बदलू का?

लाँचर करत असाल तर, थोडेसे. अँड्रॉइड ८ पासून आयकॉन दोन थरांचा असतो: १०८ डीपीचा चौरस, त्यातला मधला ७२ डीपी दिसतो, बाकीचा भाग हालचालीसाठी राखीव. हे खेळकर डिझाइनला वरदान आहे, कारण आयकॉन धरून ओढताना मागचा थर किंचित मागे राहू शकतो. अँड्रॉइड १३ पासून काही ॲप्स एकरंगी आयकॉनही पुरवतात, ते खाडीच्या रंगात छान मिसळतात. पण बँकेचं बोधचिन्ह शिंपल्यात बसवून ओळखू न येण्यासारखं करू नका. पैशांच्या ॲपची ओळख पटणं ही सुरक्षेची बाब आहे.

मराठीसाठी वेगळं काय करावं लागतं?

बरंच काही, आणि हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

देवनागरीला वर-खाली जागा लागते. ‘र्कीं’सारखा रफार-वेलांटी-अनुस्वार वर चढतो, ‘द्रू’सारखा उकार खाली उतरतो. रोमन अक्षरांच्या मापाने ठेवलेल्या आयकॉनखालच्या ओळीत हे छाटलं जातं. ओळीची उंची वाढवा आणि मोठ्या फॉन्टच्या सेटिंगवर तपासा. नाव लांब असेल तर ते अक्षरगटावर तोडा, युनिकोडच्या सुट्या घटकावर नाही. नाहीतर ‘महाराष्ट्र’ मध्येच लंगडा हलंत घेऊन थांबतो.

मजकुराची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये सांगा. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत, त्यांत ते तेव्हाच दिसतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट मुक्त परवान्याने मिळतात, खेळकर शीर्षकांना बलू शोभतो. फोनमध्ये ॲपची यादी अकारविल्हे लावताना मराठीचा कोलेटर (वर्णक्रम ठरवणारी सोय) वापरा. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या शेजारी आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो.

लाँचरमधला शोध ही सर्वांत दुर्लक्षित जागा. ॲपचं नाव रोमन लिपीत असतं आणि आजी मराठी कीबोर्डवर ‘यूट्यूब’ लिहिते. अँड्रॉइड १० पासून लिप्यंतराची सोय फोनमध्येच आहे, तिचा आधार घेऊन दोन्ही लिप्या जुळवा. त्यापुढे जाऊन ‘पैसे’, ‘गाडी’, ‘फोटो’ असे रोजचे शब्दही ॲप्सना जोडा. सगळ्या पक्ष्यांपेक्षा ही एक सोय जास्त माणसांना आवडेल, याची मला खात्री आहे.

आवाज हवा का?

सुरुवातीला बंद. थरथर चालेल, एका टिचकीपुरती.

आजी-आजोबांना जमेल असं करता येईल?

आलंच पाहिजे. टॅप करायची कुठलीही गोष्ट किमान ४८ डीपीची ठेवा. नावं पाण्यावर आली की वाचता येत नाहीत, म्हणून अक्षर आणि मागचा रंग यांचा काँट्रास्ट ४.५ ला १ च्या खाली जाऊ देऊ नका. भरतीने रंग बदलला तरीही. ज्यांनी फोनमध्ये ॲनिमेशन बंद केलंय त्यांच्यासाठी स्थिर खाडी द्या. तुम्ही स्वतः रंगवलेली हालचाल त्या सेटिंगने आपोआप थांबत नाही, ते तपासून तुम्हालाच थांबवावी लागते. टॉकबॅक (पडदा वाचून दाखवणारी सोय) वापरणाऱ्याला प्रत्येक पक्षी ऐकवू नका, सजावट त्याच्यापासून लपवा.

मांडणीला कुलूप लावायची सोयही द्या. आजोबांचा फोन नातवाच्या हातात गेला की आयकॉन इकडेतिकडे होतात, मग ते पुन्हा जागेवर लावायला मुलगा संध्याकाळी घरी येईपर्यंत थांबावं लागतं.

कोणत्या परवानग्या मागायच्या?

वॉलपेपर असेल तर जवळजवळ कुठलीच नाही. लाँचरला फोनमधली ॲप्स दिसावी लागतात, पण ती यादी फोनच्या बाहेर पाठवण्याचं काही कारण नाही. कोणाकडे कोणतं ॲप आहे यावरून त्याचं आजारपण, कर्ज, धर्म, नातेसंबंध यांचा अंदाज येतो. लोकेशनही नको; ठाणे, वाशी, बेलापूर अशी यादी देऊन माणसालाच निवडू द्या. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती मागतो, आणि खेळकर ॲप मुलं वापरणारच. जे गोळाच केलं नाही त्याची संमतीही मागावी लागत नाही.

कोडिंग येत नाही. तरी सुरू करता येईल?

येईल. पुठ्ठ्याचा फोन कापा, मागे कागदी पाणी सरकवा, मित्राला बोट लावायला सांगा आणि तो कुठे लावतो ते पाहा. मग फिगमा या डिझाइनच्या साधनात पडदे, राइव्ह या ॲनिमेशनच्या साधनात पक्ष्याची चाल. राइव्हमध्ये ‘चरतोय’, ‘बघतोय’, ‘झोपलाय’ अशा अवस्था आखता येतात आणि तेच काम पुढे कोटलिन ही अँड्रॉइडची प्रोग्रॅमिंग भाषा येणाऱ्या साथीदाराला जसंच्या तसं देता येतं. मात्र साथीदार लवकर शोधा, कारण स्पर्श कसा वाटतो हे फक्त खऱ्या फोनवर कळतं.

चाचणी कोणावर करू?

गूगल प्लेवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. नोंदणीचे २५ डॉलर एकदाच. या १२ जणांत सगळे वर्गमित्र भरू नका. सोसायटीचे वॉचमन काका, डब्याचं काम करणाऱ्या मावशी, खाडीवर पक्षी बघायला जाणारं कोणीतरी, फोनला तडा गेलेला एखादा विद्यार्थी असे लोक घ्या. आणि ‘आवडलं का’ विचारू नका, आवडलं असंच सांगतील. दहाव्या दिवशी वॉलपेपर अजून लावलेला आहे का, एवढं पाहा. दुपारच्या उन्हातही एकदा बघायला सांगा, फिका गुलाबी तेव्हा पार नाहीसा होतो.

पैसे कसे मिळतील?

जाहिराती नकोत. घराच्या पडद्यावर जाहिरात आली की लोक ॲप काढून टाकतात, आणि लॉक झालेल्या पडद्यावर जाहिराती दाखवायला गूगल प्लेचे नियमच अशा ॲपना मनाई करतात. मूळ खाडी फुकट द्या आणि जास्तीची दृश्यं एकदाच थोडके पैसे घेऊन विका. पावसाळ्यातली खाडी, फ्लेमिंगो गेल्यावर उरणारे बगळे आणि खंड्या, तिवरांवरचे खेकडे. दरमहा वर्गणी लावायची असेल तर दरमहा नवं काहीतरी रंगवायची तयारी ठेवा.

कोणाला नको झालं तर?

काढणं एका टॅपचं असू द्या. लाँचर असेल तर सेटिंगच्या पहिल्याच पानावर ‘जुनी होमस्क्रीन परत आणा’ हे बटण ठेवा. ते दाबल्यावर थेट फोनचं होम ॲप निवडायचं पान उघडावं. मध्ये ‘खरंच जाताय?’ म्हणणारा रडवेला पक्षी नको. मांडणीची फाइल फोनमध्ये जपून ठेवायची की पुसायची, हे मात्र आवर्जून विचारा. परत येणाऱ्यांना आयकॉन पुन्हा पहिल्यापासून लावायला लागू नयेत.